नारू, चारी नदी आणि कुत्र्यांची मोजदाद

नारू म्हटले की आपल्याला पायऱ्यांची विहीर आठवते. पाण्यात उतरून घागर भरणारा रोगी, त्याच्या फोडातून पाण्यात सुटणाऱ्या अळ्या, त्या गिळणारे सायक्लॉप्स हे सूक्ष्म जलचर आणि ते पाणी न गाळता पिणारे गाव. ही साखळी तोडूनच भारताने नारू हटवला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. हेच चित्र मनात धरून मी आफ्रिकेतल्या चाडच्या नोंदी वाचू लागलो, तेव्हा काहीच जुळेना. दहा वर्षे रुग्णाची नोंद नसलेल्या या देशात २०१० मध्ये नारू पुन्हा दिसला आणि २०१२ पासून चारी नदीकाठच्या कुत्र्यांत आढळू लागला. पाणवठा दूषित असता तर एकाच गावात, एकाच घरात अनेकजण आजारी पडले असते. इथे रुग्ण मोजके आणि विखुरलेले होते. २०१९ मध्ये माणसे पन्नासच्या आसपास, तर कुत्री एकोणीसशेहून अधिक. ही तफावत पाहून माझे मत ठाम झाले, की रोगी माणसे मोजणे म्हणजे रोग मोजणे नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा, की कुत्र्यांतला नारूचा जंत वेगळा असेल. जनुकीय तपासणीत तो माणसांतलाच निघाला. दुसरा आक्षेप, कुत्र्यांना तो माणसांकडूनच मिळत असेल. तसे असते तर माणसांचे आकडे आधी वाढायला हवे होते. कुत्र्यांना तो कुठून मिळतो, याबाबत संशोधकांचा भर मासे आणि बेडकांवर आहे: अळ्या त्यांच्या शरीरात टिकतात आणि नदीकाठी फेकलेली माशांची आतडी कुत्री खातात. लागण झाल्यावर जंत बाहेर यायला सुमारे वर्ष लागते, त्यामुळे कुत्र्याने तेव्हा काय खाल्ले हे मालकाला विचारून कळत नाही. म्हणून गळ्यातले जीपीएस पट्टे आणि मिशांच्या केसांतून आहाराचा माग काढणे अशा पद्धती वापराव्या लागल्या.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: इतक्या थोड्या रुग्णांसाठी गरीब घरांवर कुत्री बांधून ठेवण्याचा भार का टाकावा, त्यापेक्षा ती मारूनच का टाकू नयेत? मारायला निघालो तर मालक कुत्री लपवतील आणि आपण आंधळे होऊ. उलट खबर देणाऱ्याला बक्षीस, कुत्री बांधून ठेवणे, माशांची आतडी पुरणे आणि डबक्यांत सायक्लॉप्स मारणारे औषध टाकणे या उपायांच्या काळात लागण झालेल्या कुत्र्यांची संख्या २०२२ पर्यंत पाचशेच्या आसपास उतरली. हा भार खरा आहे, म्हणूनच तो मालकाच्या संमतीने आणि मोबदला देऊन उचलायला हवा. नारूवर लस नाही, तो मारणारे औषधही नाही. तेव्हा नजर ठेवणे हाच उपचार, आणि ती नजर कुत्र्याच्या मालकाचीच असणार.