गोधडीचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या निवासी शाळेत परतणाऱ्या बहुतेक मुलांच्या पत्र्याच्या पेटीवर एक गोधडी बांधलेली असते. तिच्याच जोडीची दुसरी गोधडी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरमधून उसाच्या फडावर जाते. मुकादमाकडून उचल घेतलेला बीड जिल्ह्यातील कोयता पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात महिनोन्‌महिने कोपी घालून राहतो, तेव्हा त्याचा थंडीतला आधार तीच असते.

आम्हीही या शाळेत अशीच गोधडी घेऊन आलो होतो. शेजारच्या मुलाची नवी सोलापुरी चादर पाहून आम्ही आपल्या गोधडीची ठिगळे खालच्या बाजूस दडवली. पुढे इतिहासात एम. ए. करताना विनयपिटकातील एक प्रसंग वाचनात आला. मगधातील बांधांनी आखलेली भातशेते दाखवून भगवंतांनी आनंदाला, असे चीवर शिवता येईल का, असे विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. भिक्खूंनी ज्या जोडांचा मान राखला, त्यांचीच आम्ही धम्म स्वीकारलेल्या घरातून येऊन लाज बाळगली होती!

त्यानंतर आम्हांस जुन्या गोधड्यांचा छंद जडला. जीर्ण इरकली लुगड्यांचे थर अंगणात पसरायचे, कच्चा दोरा घालून ते जागच्या जागी धरायचे, मग कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जायचे, ही आईची रीत. तिचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे सारखे असत. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी यांचा जन्मही असाच जुन्या वस्त्रांच्या थरांतून झाला. त्या कलांना आज भौगोलिक मानांकन आहे. मग आमच्या आयाबहिणींच्या टाक्याला किंमत का नसावी, या विचाराने काही वर्षांपूर्वी वस्तीतील आठ जणींच्या बचत गटाने गोधड्या विकावयास काढल्या.

पहिला व्यापारी शहरातून आला. त्याने एका गोधडीचे पाचशे रुपये देऊ केले आणि बायका हरखल्या. "गुरुजी, रिकामपणी बसून केलेलं काम. त्याचे एवढे मिळाले तरी लई झाले," एक मावशी म्हणाल्या. 'रिकामपणी' हा शब्द आमच्या मनाला लागला. बलुत्याच्या काळात आपल्या आजे-पणज्यांच्या श्रमाचे तास कोणी मोजले नाहीत. कारण ते श्रम फुकटच असतात, असे गावाने धरले होते. आता आपणच ते धरून चाललो होतो.

आम्ही एक वही घातली. प्रत्येकीने बसल्याची नि उठल्याची वेळ लिहायची. एका गोधडीस साठ तास भरले, म्हणजे साडेसात दिवसांचा रोज. रोजगार हमीच्या त्या वेळच्या दराने नुसती मजुरीच दोन हजारांच्या वर गेली. तो भाव सांगताच व्यापारी गेला, तो परत आला नाही. पहिल्या प्रदर्शनात अवघ्या चार गोधड्या खपल्या. एका मावशींना घरखर्च निभेना. त्यांनी पुन्हा उचल घेतली आणि त्या फडावर गेल्या. त्यांच्यापुढे आमचा हिशेब उणाच पडला, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

तरी वही बंद केली नाही. गिऱ्हाइकाला आम्ही तीच उघडून दाखवतो. कोणाच्या हाताचे किती तास, हे वाचून घासाघीस करणारे पुष्कळदा गप्प होतात. आता मागणी हळूहळू येते. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी आपल्या आईच्या जुन्या साड्या पाठवून गोधड्या शिवून घेतल्या. इतरांनीही पाठवाव्यात, मात्र भाव वहीप्रमाणेच पडेल.

गेल्या हंगामात गटातील दोघींनी उचल घेतली नाही. संक्रांतीच्या सुट्टीत त्यांची मुले शाळेतून गावी गेली, तेव्हा घराला कुलूप नव्हते.