अब्बांची पेन्सिलखूण

नववीत मराठीत पहिला आलो तेव्हा गुरुजी कौतुकानेच म्हणाले, "तुझ्या घरी तर उर्दू ना रे?" घरी आम्ही दखनी बोलतो, हे सांगायचे राहून गेले. संध्याकाळी अब्बांनी ट्रंकेतून पुठ्ठा निखळलेला 'योगसंग्राम' काढला नि एवढेच म्हणाले, "वाच."

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी हा ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली पूर्ण केला. माणसाची स्वतःच्याच विकारांशी चाललेली लढाई त्यांनी ओवीत मांडली. चांद बोधल्यांचे हे शिष्य. मालोजीराजे भोसले त्यांना मानीत. ग्रंथ जड आहे. खरे सांगायचे तर मला त्यांचे अभंगच जवळचे वाटतात. त्यांत ते स्वतःला सरळ 'अविंध' म्हणवतात. ज्या शब्दाने दुसऱ्यांनी हिणवावे, तोच आपल्या नावाला जोडून ते गोविंदाचे नाव घेतात. मला मात्र गुरुजींना साधे उत्तर देता आले नव्हते.

२०२५ मध्ये त्यांच्या समाधिस्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावरून श्रीगोंद्यात आंदोलन झाले. बातमी वाचून मी तीच ट्रंक उघडली. पाने पिवळी पडली आहेत. त्या शब्दापाशी अब्बांनी पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे.