कात्री घ्या, क्योटोला चला!

दोस्तांनो, आज आपल्याला जपानला जायचंय. पासपोर्ट नको, विमानाचं तिकीट नको. कात्री, फूटपट्टी, डिंकाची बाटली, दोन जाड कार्डशीट आणि शाई संपलेलं एक बॉलपेन, एवढं सामान पुरे. मीही क्योटो प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, खरं तेच सांगते. प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या पगारात ते जमायचं जरा कठीणच! पण नकाशा आणि छायाचित्रं समोर घेऊन बसलं की खूप हिंडता येतं. शिवाय तिथून आपण जी वस्तू आणणार आहोत, ती मुळात कागदाचीच आहे.

ती वस्तू म्हणजे फॅमिकॉम. १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या दुकानांत आलेला, टीव्हीला जोडायचा खेळ. नाव ऐकलेलं नाही? मग आईला किंवा बाबांना विचारा, “लहानपणी टीव्ही गेम खेळलायत का हो?” त्यांचे डोळे लगेच चमकतील. नव्वदच्या दशकात आपल्याकडे नाना नावांनी जे टीव्ही गेम मिळत, त्यांतले पुष्कळसे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. तोच मारिओ, त्याच चौकोनी कॅसेटी. कॅसेट चालली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारत. (फुंकर मारू नका, असं खुद्द मूळ कंपनीचं सांगणं होतं! तोंडातली वाफ लागून आतले धातूचे दात गंजतात. पण ऐकतो कोण?)

आमच्या वर्गात आम्ही याच फॅमिकॉमचा कागदी नमुना करायला घेतला. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, हा चालणार नाही ना? मग करायचा कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधायलाच आपण क्योटोला निघालोय म्हणा ना!

आता नकाशा उघडा. होन्शू हे जपानचं सगळ्यात मोठं बेट. त्यावर आधी ओसाका शोधा. तिथून ईशान्येला, जलद गाडीने अर्ध्या तासावर क्योटो आहे. इसवी सन ७९४ पासून हजार वर्षांहून जास्त काळ ही जपानची राजधानी होती. देवळं, बागा, लाकडी घरं आणि गावातून वाहणारी कामो नदी. जपानला जाणारे बहुतेक लोक इथे देवळं पाहायला येतात. आपण मात्र स्टेशनातून बाहेर पडून चालत कागिया-चो नावाच्या एका साध्या वस्तीत जायचं. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता.

तिथे १९३० साली बांधलेली एक दणकट इमारत आहे. २०२२ पासून तिथे हॉटेल चालतं. पण दाराशी जुनी पाटी अजून आहे, आणि ती पाटी आहे पत्त्यांच्या कारखान्याची! हे निन्टेन्डो कंपनीचं जुनं मुख्य कार्यालय. होय, मारिओवाली निन्टेन्डोच. १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने ती सुरू केली, तेव्हा ना टीव्ही होता ना व्हिडिओ गेम. तो विकत असे हानाफुदा.

हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. एकूण ४८ पानं. वर्षाचे बारा महिने आणि दर महिन्याची चार पानं. जानेवारीला पाइनचं झाड, फेब्रुवारीला प्लमचा बहर, मार्चला चेरीची फुलं, सप्टेंबरला शेवंती, ऑक्टोबरला मेपल. ऑगस्टच्या एका पानावर गवताळ टेकडीमागून उगवणारा भला मोठा पांढरा चंद्र आहे. पत्त्यांवर आकडे मात्र नाहीत. का ठाऊक आहे? सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर पत्ते जपानला पोचले. ही जहाजं आपल्या गोव्याहून निघत, बरं का! पोर्तुगीज ‘कार्ता’ या शब्दाचाच जपानी लोकांनी ‘कारुता’ केला. पुढे पत्त्यांवर जुगार माजला, तशी सरकारने बंदी घातली. मग लोकांनी नव्या चित्रांचे पत्ते काढले. पुन्हा बंदी, पुन्हा नवी चित्रं! या लपंडावातून फुलांचे पत्ते जन्माला आले.

आपल्यासाठी खरी मौज आहे ती हे पत्ते करण्याच्या रीतीत. तुतीच्या कुळातल्या एका झाडाच्या सालीपासून जपानी कागद होतो. त्याचे थर एकावर एक चिकटवून पान कडक करायचं. मग पाठीचा कागद कडेवरून पुढच्या बाजूला दुमडायचा, म्हणजे कडा उसवत नाही. हानाफुदाचं पान बोटभर लांबीचं, पण हातात घेतलं की जाड आणि टणक लागतं. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या का? त्याही थर चिकटवून, चिंचोक्याची खळ लावून करतात. फक्त त्या गोल असतात, आणि दशावतारी गंजिफांच्या डावात १२० पानं असतात. कधी सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात जरूर पाहा.

तर मुद्दा असा, की कंपनीची पहिली कमाई कागद, खळ आणि रंग यांवरची. नंतर १९५३ साली प्लॅस्टिकचे पत्ते आले, मग खेळणी आली. १९६६ साली गुनपेई योकोई नावाच्या त्यांच्या तंत्रज्ञाचा लांब होणारा खेळण्यातला हात आला. पट्ट्यांची जाळी दाबली की तो पुढे जाऊन वस्तू पकडायचा. याच योकोईंनी पुढे अधिक चिन्हासारखं, चार दिशांचं एकसंध बटण काढलं. अंगठा न उचलता वर, खाली, डावीकडे, उजवीकडे! १९८२ साली ते प्रथम एका हातातल्या खेळावर आलं आणि तिथून फॅमिकॉमवर गेलं.

फॅमिकॉम घडवला मासायुकी उएमुरा यांनी. कंपनीचे प्रमुख तेव्हा फुसाजिरोंचे पणतू हिरोशी यामाउची होते. त्यांचा हट्ट एकच, यंत्र स्वस्त हवं. किंमत ठरली १४,८०० येन. आता त्याचं छायाचित्र नीट बघा, म्हणजे हा हट्ट ठिकठिकाणी दिसायला लागेल. दोन्ही हातबटणं (कंट्रोलर म्हणतात ती) यंत्राला वायरने कायमची जोडलेली आहेत. वेगळी खोबण आणि पिन दिली असती तर खर्च वाढला असता. ठेवायला वेगळा डबा नको म्हणून ती यंत्राच्याच दोन कुशींत बसतात. दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट नि सिलेक्टची बटणं नाहीत. त्याऐवजी तिथे आहे चक्क माइक! खेळताना त्यात ओरडायचं. रंगाचीही एक गोष्ट सांगतात, की यामाउचींना आवडलेल्या एका मफलरवरून हा पांढरा आणि मरून रंग ठरला.

आणखी एक खूण. सुरुवातीच्या यंत्रांवरची ए आणि बी ही बटणं रबराची आणि चौकोनी होती. मुलांनी दाबून दाबून ती अडकायला लागली. मग कंपनीने प्लॅस्टिकची गोल बटणं बसवली. म्हणून नमुना करताना आधीच ठरवा, चौकोनी काढायची की गोल. चौकोनी काढलीत, तर तुमचा फॅमिकॉम पहिल्या तुकडीतला!

अशी यंत्रं एकूण किती खपली असतील? अमेरिकेतला त्याचा वेगळ्या रूपाचा भाऊ धरून जगभरात ६ कोटी १९ लाख. उएमुरा निवृत्तीनंतर क्योटोच्याच रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत आणि जुने खेळ जतन करण्याच्या कामात रमत. डिसेंबर २०२१ मध्ये ते वारले.

आता क्योटोहून दक्षिणेकडची गाडी पकडून ओगुरा स्टेशनवर उतरायचं. हे उजी शहर. चहाचे मळे आणि १०५३ साली बांधलेलं फिनिक्स मंदिर यांसाठी ते प्रसिद्ध. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर याच मंदिराचं चित्र आहे. पण आपण स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका जुन्या कारखान्यात शिरू. १९६९ साली बांधलेल्या या कारखान्यात पत्ते तयार व्हायचे, पुढे बिघडलेली यंत्रं दुरुस्तीला यायची. २ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे निन्टेन्डोचं संग्रहालय आहे. तिकिटासाठी आधी नाव नोंदवायचं आणि सोडतीत नंबर लागायची वाट पाहायची! हानाफुदापासून आजवरचं सगळं तिथे ओळीने मांडलंय. पण वरच्या मजल्यावर काचेमागे ठेवलेल्या यंत्रांना हात लावता येत नाही, आणि फोटोही काढता येत नाहीत. हाताने करण्यासारखं काय आहे? तर एका खोलीत पैसे भरून आपला आपण हानाफुदा तयार करता येतो. इतक्या यंत्रांच्या घरात पाहुण्याच्या हाती मिळतो तो कागद आणि डिंक!

चला, आता घरी येऊन कामाला लागू.

खरा फॅमिकॉम १५० मिलिमीटर रुंद, २२० लांब आणि ६० उंच आहे. आपण सगळं निम्मं करू, म्हणजे ७५, ११० आणि ३०. पाचवी-सहावीतल्यांनो, ही सरळ इष्टिकाचिती झाली. तिची घडणी काढा. ती साध्या ए-फोर आकाराच्या कार्डशीटवर बरोबर मावते. चिकटवायच्या कडांसाठी एक सेंटीमीटरच्या पट्ट्या ठेवायला विसरू नका. कंट्रोलरचं माप मी मुद्दाम देत नाही. छायाचित्रावर पट्टी ठेवा, यंत्राची लांबी किती भरते आणि कंट्रोलरची किती, ते मोजा आणि त्रैराशिक मांडा. आमच्या वर्गात त्रैराशिकाला नाक मुरडणाऱ्या मुलांनीही हे गणित तीन तीनदा तपासलं, कारण चुकलं तर कंट्रोलर कुशीत बसत नाही!

घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनने, पट्टी टेकवून रेघ दाबून घ्या. नुसत्या बोटाने दुमडलेला जाड कागद कडेला फाटतो आणि पेटी गबाळी दिसते. बाहेर उंचवटा येणाऱ्या घडीला जपानीत ‘यामाओरी’, म्हणजे डोंगरघडी म्हणतात. खळगा पडणाऱ्या घडीला ‘तानिओरी’, म्हणजे दरीघडी. नावं छान आहेत, आपणही वापरू. रंग मात्र घडणी सपाट असतानाच द्या. पेटीचं अंग पांढरं, कंट्रोलर मरून आणि त्यांच्या तोंडावर सोनेरी पट्टी. सोनेरी पट्टीला चॉकलेटची चांदी वापरा. दुसऱ्या कंट्रोलरवर माइकची जाळी म्हणून सुईने बारीक भोकं पाडा. लहान असाल तर सुईचं आणि कटरचं काम मोठ्यांकडून करून घ्या.

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येते. फॅमिकॉमच्या वर मधोमध एक दांडी आहे. ती पुढे सरकवली की कॅसेट टक्कन वर येते. खरं तर तिची काही गरज नव्हती, कॅसेट हाताने ओढली तरी निघते. पण मुलांना दांडी सरकवायला मजा वाटेल, म्हणून उएमुरांनी ती ठेवली. प्रत्येक येन वाचवायच्या त्या यंत्रात ही एक निव्वळ मौजेची गोष्ट शिल्लक राहिली! आपल्या कागदी नमुन्यात टीव्हीवर मारिओ काही पळणार नाही. पण ही दांडी चालेल. अगदी खऱ्यासारखी चालेल.

कसं ते ऐका. आधी कार्डशीटचे पाच-सहा तुकडे हानाफुदासारखे एकमेकांवर चिकटवून साडेपाच सेंटीमीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर उंच कॅसेट करा. वजनाखाली वाळू द्या. पेटीच्या वरच्या पृष्ठावर, मागच्या बाजूला तिच्यासाठी आडवी फट कापा. कॅसेट सैल बसली पाहिजे. तिच्या पुढे, मधोमध दोन सेंटीमीटर लांबीची उभी फट कापा, ती दांडीची. आता पेटीच्या तळावर बोटभर रुंदीची एक पट्टी ठेवा. ती इकडेतिकडे हलू नये म्हणून तिच्यावरून कागदाचे दोन छोटे पूल चिकटवा. पट्टीला डिंक लागू देऊ नका, नाहीतर ती सरकायचीच नाही. पट्टीच्या मागच्या टोकाला दरवाजाखाली घालतात तशी एक सेंटीमीटर उंचीची कागदाची पाचर चिकटवा, उतार कॅसेटच्या बाजूला. पुढच्या टोकाला उभा तुकडा लावून तो वरच्या फटीतून बाहेर काढा. पट्टीची लांबी अशी धरा, की दांडी अलीकडे असताना पाचर कॅसेटच्या जरा अलीकडे राहील.

पेटी बंद करण्याआधी दहा वेळा सरकवून बघा. पाचर कॅसेटखाली शिरली की ती वर उचलली जाते. अडकत असेल तर उताराला मेणबत्तीचं मेण चोळा. सगळं नीट चाललं, की मगच शेवटची कड चिकटवा, वर एखादं जाड पुस्तक ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.