‘घे चार्ज’ म्हणण्याआधी : परमिटला अनावृत पत्र

प्रिय परमिट,



तुला कुणी कधी पत्र लिहिलं नसेल. तुझ्यावर लिहितात ते फीडरचं म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनचं नाव, वेळ आणि सही. कागदोपत्री तू ‘लाइन क्लिअर परमिट’. कुणी तुला एलसी म्हणतं, गावातले लोक ‘शटडाऊन घेतलाय’ म्हणून मोकळे होतात. आम्ही उपकेंद्रातली माणसं मात्र नुसतं परमिट म्हणायचो. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून माझी नोकरी गेली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी रात्री फोन वाजला की पहिला प्रश्न तोंडात तोच येतो : परमिट परत आलं का?

बाहेरच्या माणसाला वाटतं, वीज बंद करणं म्हणजे एक बटण दाबणं. खरी रीत तुला ठाऊक आहे. लाइनमन परमिट मागतो. मी ब्रेकर ऑफ करतो, आयसोलेटर उघडतो, तिन्ही पाती डोळ्यांनी मोजतो, हँडलला कुलूप लावतो आणि ‘माणसं काम करीत आहेत’ ही पाटी टांगतो. मग लॉगबुकात वेळ, तुझा नंबर, मागणाऱ्याचं नाव. तिकडे त्याने आधी लाइनमध्ये दाब नाही हे तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा अर्थ करायच्या म्हणजे जमिनीशी जोडायच्या, आणि मगच सेफ्टी बेल्ट बांधून खांबावर चढायचं.

नवीन पोरं विचारायची, ‘भाऊ, लाइन बंद केलीय तर पुन्हा अर्थिंगचा उपद्व्याप कशाला?’ मी सांगायचो, बंद केलेली लाइन मेलेली असतेच असं नाही. खांबावरच्या ए.बी. स्विचचं एखादं पातं गंजून अडकलेलं असतं, खालून बघितलं तर उघडल्यासारखं दिसतं. मंगल कार्यालयवाला चेंजओव्हर न टाकता जनरेटर लावतो आणि त्याची वीज डीपीतून उलटी चढून ११ केव्हीच्या तारेत येते. वरून दुसरी लाइन क्रॉस झालेली असते. आता घरोघरी छतांवर सौर पॅनल आलेत. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सूर्यघर योजनेनंतर तर गावातही दिसू लागलेत. ग्रिडची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप थांबावा, अशी त्याची रचना असते. पण दुसऱ्याच्या छतावरच्या यंत्रावर आपला जीव टांगायचा नसतो.

हे सगळं मी तुला का सांगतोय? तुझ्या नावावर एक गोष्ट माझ्याकडे उधार आहे म्हणून.

जून महिना होता. आमच्याकडे देखभालीचा वार शुक्रवार. पावसाआधी तारांना टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या, तडकलेले इन्सुलेटर बदलायचे, अशी नेहमीची घाई. एका ११ केव्ही फीडरवर सकाळी साडेनऊला मी तुला दिलं. अकराच्या सुमारास त्याच फीडरच्या दुसऱ्या टोकाला दुसरी टोळी पोहोचली, ठेकेदाराची माणसं. त्यांनी पहिल्या लाइनमनला फोन लावला, ‘लाइन बंदच आहे ना?’ तो म्हणाला, ‘बंदच आहे, चढा.’ त्यांच्याकडे डिस्चार्ज रॉड नव्हता. उपकेंद्राला फोन करायचा असतो, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या लॉगबुकात नंबर एक, नाव एक.

दुपारी दोनला फोन आला. ‘भाऊ, आमचं झालं. माणसं उतरली, अर्थिंग काढलं. घे चार्ज.’ म्हणजे लाइन पुन्हा चालू कर. तू रीतसर परत आलं होतंस. वेळ लिहिली, कुलूप काढलं, आयसोलेटर लावला आणि पॅनलवरच्या ब्रेकरच्या मुठीवर हात ठेवला. फोन अजून कानालाच होता. सहज, काही शंका आली म्हणून नव्हे, विचारलं, ‘तुमच्याशिवाय लाइनवर कुणी नाही ना?’

पलीकडे शांतता. दोन-तीन सेकंदांची असेल. मग एकच शब्द आला : ‘थांब.’

दोन माणसं खांबावर होती.

त्या दिवशी तू खोटं बोललं नव्हतंस. तुझ्यावरचा प्रत्येक शब्द खरा होता, प्रत्येक सही खरी होती. पण तुझ्यात जे लिहिलं होतं ते मला आणि एका लाइनमनला माहीत होतं. ज्यांचा जीव त्या तारेवर होता त्यांना नाही, आणि ते तिथे आहेत हे मला नाही. तेव्हापासून मी मानत आलो की वीज कंपनीत माणूस बहुतेकदा विजेने मरत नाही, न पोहोचलेल्या वाक्याने मरतो. विजेचं काम शेवटचं असतं.

तुझ्या जातभाईची एक गोष्ट जगभर शिकवतात. ६ जुलै १९८८ला स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल-वायूचा तळ जळाला. १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढला होता. त्याचं परमिट होतं, लिहिलेलं होतं. रात्रपाळीला दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी तो पहिला सुरू केला, कारण व्हॉल्व्ह काढल्याचं त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. कागद होता, निरोप नव्हता. समुद्रातला तळ आणि आमचं उसाच्या फडाकडेचं उपकेंद्र यांत साम्य ते काय? पाळी बदलतानाची पाच मिनिटं. आमच्याकडेही येणारा डबा ठेवायच्या आत जाणारा गाडीला किक मारायचा, आणि मधे उरायचं लॉगबुक.

आता म्हणशील, माहितीची कमतरता कुठे आहे? उलट पूर आलाय. परिपत्रक निघतं आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं : ‘तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ संबंधित कोण? खांबावर चढणारा ठेकेदाराचा पोरगा त्या परिपत्रकाच्या प्रतीच्या यादीतच नसतो. पुढे ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडतं. वरती वाढदिवसाचा केक, खाली वसुलीचं टार्गेट आणि मधे सुरक्षेची सूचना. त्याखाली तीस अंगठे. साहेब निश्चिंत, ‘ग्रुपवर टाकलंय.’ ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, अशी समजूत ज्या कार्यालयात झाली, तिथे तुझी किंमत एका अंगठ्याएवढीच राहते.

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर फीडरचा नकाशा होता. सुबक, रंगीत, चौकटीत बसवलेला, आणि चार वर्षं जुना. दरम्यान एका फीडरचा निम्मा भार दुसऱ्यावर टाकला होता, एका वस्तीला दोन बाजूंनी जोड दिली होती. हे बदल ज्यांनी केले त्यांच्या डोक्यात होते. त्यातला एक बदली होऊन गेला आणि त्याच्याबरोबर नकाशाही गेला. शेवटी मी चौकटीच्या काचेवर कागद चिकटवून पेन्सिलीने नवीन जोड काढली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘हे काय विद्रूप केलंय?’ मी म्हटलं, ‘साहेब, सुबक आहे तो चुकीचा आहे.’

भाषेचंही बोलून टाकतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसं आणावं, याचा तक्ता उपकेंद्रात स्थानिक भाषेतही लावलाच पाहिजे, असं नियम सांगतात. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ते होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांतही आलं. म्हणजे धक्का बसल्यावर काय करायचं ते आम्हाला मराठीत मिळालं. धक्का बसू नये म्हणून काय करायचं, ते मात्र माझ्या वाट्याला आलेल्या तुझ्या छापील पुस्तकांत अर्धंअधिक इंग्रजीत होतं. दहावी-आयटीआय झालेला पोरगा त्यावर सही करायचा, वाचायचा नाही. त्याला मी दोष देत नाही.

आणि माहिती फक्त वरून खाली यायची नसते. खालून वर काय जातं? कायदा सांगतो, विजेच्या अपघातात जीव गेला तर २४ तासांत विद्युत निरीक्षकाला कळवा. जीव थोडक्यात वाचला तर? आमच्याकडे तरी कुणाला काही कळवावं लागत नसे. त्या शुक्रवारी लॉगबुकात मी काय लिहिलं, सांगू? ‘१४.२५ – फीडर चार्ज.’ बस्स. मधली पंचवीस मिनिटं मी खाल्ली. वर कळवलं असतं तर त्या लाइनमनला कारणे दाखवा नोटीस निघाली असती, ठेकेदाराच्या पोरांची रोजी गेली असती आणि मला विचारलं असतं की आयसोलेटर कसा लावलास. तेव्हा त्या लाइनमनने आणि मी, दोघांनीही तोंड मिटलं. त्याला आम्ही माणुसकी म्हटलं. ती माणुसकी होतीही. पण दुसऱ्याच्या परमिटवर चढायची ती सवय शेजारच्या उपकेंद्रांत तशीच चालू राहिली, आणि ती थांबवू शकणारी एकच गोष्ट माझ्या पोटात होती. सांगणाऱ्याला शिक्षा ठेवली की कंपनीला फक्त मेलेल्यांकडूनच माहिती मिळते.

तुझ्यात फार बदल करायला नकोत. दोनच मागण्या आहेत. एक, टोळी तितकी परमिटं. दुसऱ्याच्या शब्दावर कुणी चढायचं नाही, मग तो सख्खा भाऊ असो. दुसरी, तुला देताना ‘कळलं का?’ विचारायचं नाही. ‘कळलं का’ला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर असतं, वरिष्ठाला तर असतंच. विचारायचं, ‘काय कळलं ते सांग.’ टोळीतल्या सगळ्यांत लहान पोराने मोठ्याने म्हणायचं : कोणता फीडर, कुठून कुठपर्यंत बंद, अर्थिंग कुठे, आपल्याशिवाय लाइनवर कोण. त्याला सांगता आलं नाही तर कुणीच चढायचं नाही. याला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात गावातून ‘लाइट कधी येणार?’ म्हणून चार फोन येतील. येऊ देत.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, अलीकडे त्याच दिवशी लाइनमन दिवसही साजरा करतात. शपथ होते, हार होतात, चहा होतो. यंदा शपथेनंतर एकेकाने उठून आपला एकेक शुक्रवार सांगावा. नोटीस नाही, चौकशी नाही, फक्त ऐकायचं. सुरुवात कुणी करायची हा प्रश्न असेल, तर मी करतो.

खांबावरच्या त्या दोघांना मी कधी भेटलो नाही. नावंही विचारली नाहीत. पहिला लाइनमन बोलला नसेल तर त्यांना आजही ठाऊक नसेल. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडं ठेवतोय. बाबांनो, त्या दिवशी दुपारी दोन वाजता तुमच्या लाइनच्या ब्रेकरवर माझा हात होता. तुम्हाला हे कळायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

तुझा,
एक निवृत्त यंत्रचालक