अम्मी आधी चढून बघणार

सोलापूरला लग्नाला निघायचं म्हटलं की आम्हा सातजणांना दोन गाड्या लागतात. म्हणून परवा फॉर्च्युनर चालवून पाहिली. सात आसनं, २.८ लिटरचं डिझेल इंजिन, लांबी ४७९५ मिलिमीटर. आमच्या गल्लीत ती वळवायची कुठे, हा प्रश्न वेगळाच! मंगळवेढ्याच्या रस्त्याला मालदांडी ज्वारीची शेतं भराभर मागे पडली आणि अब्बा चक्क गप्प बसले. अम्मींना मात्र गुडघ्यांमुळे चढता येईना. दोघा नातवांनी हात धरले तेव्हा कुठे बसल्या. परतल्यावर हप्त्यांचा कागद पुढे आला. व्याजाचा रकाना बघून अब्बा म्हणाले, "बेटा, रोखीनं जमेल तेवढंच." शिक्षकाच्या पगारात रोखीनं काय जमणार? सध्या जुन्या इनोव्हाची चौकशी चालू आहे. अम्मी आधी चढून बघणार, मग किंमत विचारायची.