आधी अंग धुवा, मग पाण्यात उतरा

कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला. तेव्हापासून आपली माणसे जपानला गेली की तिथे अभिवादन करून येतात. आम्हीही गेलो. पण त्याच वाकायामा प्रांतात, दक्षिणेच्या डोंगरात युनोमिने नावाचे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. तिथल्या जुन्या वळणाच्या मुक्कामाच्या घरात, म्हणजे रियोकानमध्ये, काढलेली रात्र आपल्या माता-भगिनींना सांगितलीच पाहिजे.

दारातच चपला काढायच्या. खोलीत खाट नाही, गवताच्या जाड चटया आणि एक बुटके टेबल. जेवण झाले की तिथेच गाद्या घालून मिळतात. चाळीतल्या खोलीत आपण जन्मभर हेच केले, तिथे त्याचे पैसे मोजावे लागतात! घालायला युकाता नावाचा सुती झगा. त्याची डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर घेतली तर ते प्रेताचे नेसणे.

खरी परीक्षा न्हाणीघराची. बायका-पुरुषांची कुंडे वेगळी, पण आत अंगावर सूतही चालत नाही. आमच्या बायका दाराशीच अडल्या. त्यात आजींच्या हातभर गोंदण. जपानात गोंदण हे गुंडांच्या टोळ्यांचे लक्षण समजतात आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरून कुंडात घेत नाहीत. पाण्यापासून परत फिरवले जाण्याची भीती आजींना नवी नव्हती. त्या झग्याच्या बाह्या ओढून उभ्या राहिल्या. मालकीणबाईंनी गोंदण पाहिले, हसून मान हलवली आणि बुटके स्टूल पुढे केले. आधी बसून साबणाने स्वच्छ धुवायचे, मग उतरायचे. फेस कुंडात जाता कामा नये, हातातला पंचाही बुडवायचा नाही.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तर मागाहून तळेच शेणा-गोमूत्राने 'शुद्ध' केले गेले. इथे ज्याने त्याने आपला मळ धुवायचा, पाणी सर्वांचे एकच.

पण जपानला उगाच डोक्यावर घेऊ नये. युनोमिनेला ओढ्याकाठी त्सुबोयू नावाचे दोघा-तिघांपुरते लहानसे कुंड आहे. ओगुरी नावाच्या वीराचे शरीर विद्रूप झाले, लोकांनी त्याला गाड्यावरून ओढत इथे आणले आणि एकोणपन्नास दिवसांत तो बरा झाला, अशी दंतकथा सांगतात. गंधकाच्या पाण्याने काय बरे होते ते डॉक्टरांना विचारावे; आम्हाला ते गाडा ओढणारे लोक आवडले. आणि त्याच देशात २००३ साली कुमामोतो प्रांतातल्या एका ऊन पाण्याच्या हॉटेलने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या वृद्धांना राहू दिले नाही. त्यांनी हॉटेलची माफी स्वीकारली नाही, तर शिव्यांची पत्रे त्या वृद्धांनाच आली.

सकाळी त्याच झऱ्याच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज मिळाली. ओढ्याकाठी उकळत्या पाण्याचा एक हौद आहे. दुकानातून अंडी घेऊन, जाळीच्या पिशवीत घालून तिथे सोडायची. त्सुबोयूला अर्ध्या तासाची पाळी असते. अंडी शिजत ठेवून आम्ही रांगेत बसलो. आजी पहिल्या आत गेल्या आणि अर्धा तास पुरता मोजूनच बाहेर आल्या.