रविवार, दुपारी चार

मुंबईच्या उपनगरांत मराठी नाटक चालवायचं तर आधी रविवारी दुपारी चारचा प्रयोग मिळाला पाहिजे. कलाकार, नेपथ्य, जाहिरात हे सगळं नंतर. चारला घंटा झालेलं नाटक सातच्या सुमाराला सुटतं. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातून बाहेर पडलेलं कुटुंब दहिसर-कांदिवलीला वेळेत घरी पोचतं, वाटेत कुठे जेवूनही घेतं. त्याच कुटुंबाला रात्री साडेआठच्या प्रयोगाला बोलावा. सोमवारची ऑफिसं, मुलांच्या शाळा आणि आजींचे गुडघे सगळे एकदम आठवतात. पार्ल्याचं दीनानाथ आणि मुलुंडचं कालिदास इथेही तीच कथा. घाटकोपरला झवेरबेन सभागृह आहे, पण तिथे राज्य गुजराती नाटकाचं. विक्रोळी-भांडुपचा मराठी प्रेक्षक मुलुंड गाठतो, अंधेरीचा पार्ल्याला उतरतो. म्हणजे उपनगरांत भरवशाची नाट्यगृहं मोजकी, त्यांत आठवड्याला रविवार एकच, आणि त्या रविवारवर डोळा ठेवून बसलेले निर्माते भरपूर.

मी मुलुंडला राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मिळालेल्या रकमेतला बराचसा भाग नाटकात घातला. भावाने तेव्हा महिनाभर अबोला धरला होता. बँकेत असताना मी छोट्या कारखानदारांच्या कर्जाच्या फायली पाहायचे, त्यामुळे धंदा म्हणजे काय याची आपल्याला जाण आहे असा माझा समज होता. पण कारखानदाराचा न विकलेला माल गोदामात राहतो. इथे पडदा पडला की रिकाम्या खुर्चीचं तिकीट कायमचं गेलं. सहनिर्माती म्हणून जाहिरातीत नाव छापून आलं आणि मग मी पहिल्यांदा निर्मात्यांच्या बैठकीला बसले.

मराठी व्यावसायिक नाट्य निर्माता संघ हे नाव मी तोवर वर्तमानपत्रातच वाचलं होतं. संघ म्हटल्यावर माझ्यासमोर बँकेतली युनियन यायची. एकीकडे व्यवस्थापन, दुसरीकडे आपण. इथे समोर कुणीच नव्हतं. सगळे एकाच बाजूचे, आणि टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण शेजाऱ्याचा प्रेक्षक पळवणारा. पालघरच्या दौऱ्यात बस कशी बंद पडली हे एकमेकांना हसत सांगणारी माणसं तारखांचा विषय निघाला की चहाच्या कपात बघायला लागायची.

तारखांचं वाटप तीन-तीन महिन्यांचं होतं. अर्ज करायचा आणि वाट बघायची. ज्याचं नाटक जोरात त्याला चांगले वार मिळतात, आणि ज्याला चांगले वार मिळतात त्याचं नाटक जोरात चालतं. प्रशांत दामले यांनी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये षण्मुखानंदमध्ये 12,500 वा प्रयोग केला. अशा नटाला रविवार देऊ नका असं कुठल्या तोंडाने म्हणणार? कँटीनवाल्याचे बटाटेवडेसुद्धा त्या दिवशी मध्यंतराआधी संपतात. नव्या नाटकाला मिळतो तो गुरुवार. त्या गुरुवारसाठी मी ज्येष्ठ नागरिक संघांत, महिला मंडळांत, सोसायट्यांच्या कमिट्यांकडे जाऊन तिकिटं खपवली आहेत. गुजराती निर्मात्यांनी ही विद्या आपल्याआधी पक्की केली. सोशल ग्रुप आधीच अख्खा प्रयोग विकत घेतो आणि निर्मात्याला रात्री झोप लागते. आपल्याकडे अजून खिडकीवरच्या तिकिटावर भिस्त आहे. मला स्वतःला खिडकीच आवडते. ग्रुपचा प्रेक्षक नाटक आवडलं नाही तरी येतो, खिडकीवरचा येत नाही, आणि कुठे गडबड आहे ते दुसऱ्याच आठवड्यात कळतं.

तारखांच्या बाबतीत संघाने काही करावं असं प्रत्येकाला वाटतं आणि काही करू नये असंही प्रत्येकालाच वाटतं. काही वर्षं यात घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की, एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा असेल तिथे निर्मात्यांची संघटना लुळी पडते. जिथे तोटा सगळ्यांचा मिळून होतो, तिथे मात्र ती चांगली धावते.

याचं पहिलं उदाहरण मी जीएसटीच्या वेळी पाहिलं. 1 जुलै 2017 ला कर लागू झाला तेव्हा नाटकाच्या 250 रुपयांपर्यंतच्या तिकिटालाच माफी होती, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. पहिल्या काही रांगांचं तिकीट तेव्हाही 300 होतं. कर प्रेक्षकाच्या माथी मारावा तर तो मागच्या रांगेत जाऊन बसणार, आणि स्वतः सोसावा तर प्रयोगामागे जे काही सुटायचं ते सगळं त्यातच जाणार. शिवाय रिटर्न भरायला माणूस ठेवायचा. चार खुर्च्यांच्या ऑफिसातून चालणाऱ्या आमच्या संस्थांना ते झेपण्यासारखं नव्हतं. निवेदनं गेली, मंत्र्यांच्या भेटी झाल्या, आणि एरवी एकमेकांच्या प्रीमिअरला न जाणारी माणसं एका गाडीतून मंत्रालयात गेली. आकडेमोडीचा कागद करायचं काम माझ्याकडे आलं, बँकेतली म्हणून. जानेवारी 2018 मध्ये माफीची मर्यादा 500 रुपये झाली. ती आम्हा एकट्यांमुळे झाली असं मी म्हणणार नाही, देशभरातून तशी मागणी होती. पण पुढे बराच काळ चांगल्या नाटकाचं पुढच्या रांगेचं तिकीट 500 वर अडून बसलेलं दिसायचं ते याच रेषेमुळे.

त्याच वर्षी जूनमध्ये 98 वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आमच्या मुलुंडला भरलं. कीर्ती शिलेदार अध्यक्ष होत्या, आणि कार्यक्रम रात्री-पहाटेही न थांबता चालू होते. संमेलन नाट्य परिषदेचं, निर्मात्यांचं नव्हे. हा फरक बाहेरच्यांना कळत नाही. परिषद 1905 पासूनची, ती सगळ्या रंगभूमीची. संगीत नाटक, हौशी, बालनाट्य, झाडीपट्टी, सगळे तिच्या मांडवात येतात. निर्माता संघ हा ज्यांचे पैसे लागलेत त्यांचा. मांडवात मी भजी खात पहाटे तीनला कार्यक्रम बघत बसले होते. मागच्या रांगेतले एक आजोबा विचारत होते, हे सगळे नट एरवी मुलुंडला का येत नाहीत? येतात हो, गुरुवारी येतात, असं म्हणावंसं वाटलं.

दुसरं उदाहरण नाइटचं. एका प्रयोगाच्या मानधनाला आमच्याकडे अजून नाइट म्हणतात, प्रयोग सकाळी अकराचा असला तरी. जुन्या नाटक कंपन्यांत नट बिऱ्हाडासकट पोसला जायचा. बोलपट आले, कंपन्या मोडल्या, आणि हळूहळू प्रयोगागणिक पैसे ही पद्धत बसली. मोठा नट आपली नाइट स्वतः ठरवतो. पण सेट लावणारे, कपडेपट सांभाळणारे, मेकअप करणारे यांचे दर एकेकट्याने ठरवले तर त्यांचं भलं होत नाही. म्हणून कामगारांची संघटना आणि निर्माते समोरासमोर बसतात. त्या बैठका मला सगळ्यात प्रामाणिक वाटल्या. समोरचा माणूस पहाटे तीनला टेम्पोत सेट भरून सकाळी दहाला दुसऱ्या गावात तो उभा करतो, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. दर वाढवून देताना आम्ही रडगाणं गातो, तेही खरं. पण एकाने वाढवला आणि दुसऱ्याने नाही असं होत नाही, म्हणून वाढ मिळते.

मग मार्च 2020. नाट्यगृहं बंद झाली तेव्हा पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असं सगळे म्हणाले. महिन्याभरात कळलं की आमच्याकडे बॅकस्टेजच्या माणसांची धड यादीसुद्धा नाही. फोनमध्ये नावं कशी, तर ‘लाइट दादा’, ‘कपडेपट मालवणी’. कुणाचं खातं कुठल्या बँकेत, कोण कोकणात गावी गेलं, कुणाच्या घरी म्हातारी आई आहे, हे विचारत मी घरात बसून फोन करत होते. नाट्य परिषदेने मदत वाटली, निर्मात्यांनी वाटली, नटांनी आपापली वाटली. काहींना दोन ठिकाणांहून मिळाली, काहींच्या नावाचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. पुढे आम्ही काही जणांनी याद्या जुळवून बघितल्या. माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम तेच. त्याचा कुठे फोटो आला नाही.

याच काळात निर्मात्यांत फूटही पडली आणि जागतिक मराठी नाट्यधर्मी निर्माता संघ असा दुसरा संघ उभा राहिला. कोणाचं चुकलं यात मी शिरत नाही, दोन्हीकडे माझी माणसं आहेत. पण धंदा पूर्ण बंद असताना दोन संघ होतात याची गंमत वाटली. वाटून घ्यायला रविवार नव्हते, तरीसुद्धा.

5 नोव्हेंबर 2020 ला, रंगभूमी दिनीच, पन्नास टक्के प्रेक्षकांची परवानगी मिळाली. एक खुर्ची सोडून एक. समजा 800 खुर्च्या, त्यातल्या 400 विकायच्या, आणि त्या सगळ्या विकल्या गेल्या तरी खर्च पूर्णच. सेटचा टेम्पो अर्ध्या भाड्यात येत नाही. मग नाट्यगृहांच्या भाड्यात सवलत मिळावी म्हणून मागण्या सुरू झाल्या. मी तेव्हा पार्ल्याला एका प्रयोगाला प्रेक्षक म्हणून गेले. हशा नेहमीच्या जागी आला, पण तुटक, जणू चाळणीतून. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. 22 ऑक्टोबरला उघडलं तेव्हा निम्म्याच खुर्च्या, पण माणसं आली. हळूहळू पूर्ण भरायला लागली.

स्पर्धकांनी एकत्र येण्याची आपल्याकडची मोठी आठवण 8 जुलै 1921 ची आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केलं. आजही त्याबद्दल लोक भारावून बोलतात. मला मात्र त्यातलं हे दिसतं की तो निधीसाठीचा प्रयोग होता. गल्ला दोघांपैकी कुणाचाच नव्हता, म्हणून जमलं.

गल्ल्यावरून आठवलं. मुलगा लंडनला असताना मी लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले होते. न विकलेली तिकिटं तिथे कमी दरात मिळतात. ती खिडकी चालवते सोसायटी ऑफ लंडन थिएटर, म्हणजे तिथल्या निर्मात्यांची आणि नाट्यगृहमालकांची संघटना, 1908 पासूनची. ऑलिव्हिए पुरस्कारही तीच देते. न्यूयॉर्कची ब्रॉडवे लीग तर दर आठवड्याला कुठल्या नाटकाने किती कमावलं, किती खुर्च्या भरल्या, हे जाहीर करते. वाईट आठवड्याचे आकडेसुद्धा. त्यामुळे नाटकधंदा शहराला किती देतो हे सरकारला सांगताना त्यांच्या हातात कागद असतो. आमच्या हातात असतात ‘हाऊसफुल्ल’च्या पाटीचे फोटो.

परत आल्यावर मी दोन्ही गोष्टी बैठकीत मांडल्या. दादरला एक खिडकी असावी, मंगळवार ते शुक्रवारच्या रिकाम्या खुर्च्या तिथे निम्म्या दरात द्याव्यात. लगेच उत्तर आलं, “मग शनिवारी पूर्ण पैसे कोण मोजेल?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपला प्रेक्षक हिशेबी आहे. पुढच्या बुधवारी स्वस्तात मिळणार हे कळलं तर तो थांबेल. लंडनला पर्यटक असतात, ते थांबू शकत नाहीत. बोरिवलीच्या नाटकाला पर्यटक येत नाही.

मग दुसरी सूचना. नावं न छापता, प्रत्येकाने आठवड्याचा गल्ला आणि विकलेल्या खुर्च्या एका वहीत द्याव्यात. वर्षाच्या शेवटी महापालिकेसमोर ठेवायला काही तरी हाताशी असेल. वार्षिक भाडेवाढीचा विषय निघाला की आम्ही ‘परवडत नाही’ म्हणतो आणि तिकडचे अधिकारी ‘गर्दी तर असते’ म्हणतात. दोघंही अंदाजाने बोलतात. थोडा वेळ कुणी बोललं नाही. माझ्या शेजारी बसलेले निर्माते वयाने वडीलधारे, माझ्या पहिल्या नाटकाच्या वेळी त्यांनी स्वतःहून आपली एक रविवारची तारीख मला सोडली होती. त्यांच्या नटाचं शूटिंग आलं होतं हे खरं, पण तारीख दुसऱ्या कुणालाही देता आली असती. ते माझ्याकडे वळून मायेने म्हणाले, “कल्पना चांगली आहे, ताई. सुरुवात तुमच्यापासून करू. गेल्या रविवारी मुलुंडला किती झाला गल्ला?”

गेल्या रविवारी समोरच्याच टोकाला बसलेल्या निर्मात्याच्या नाटकाचा ठाण्यात प्रयोग होता, आणि आमचा प्रेक्षक निम्मा तिकडे गेला होता. मी म्हटलं, “बरा झाला.” सगळे हसले. मीही हसले. वहीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि नंतरचा विषय होता मेकअप रूममधल्या डासांचा. त्यावर अर्धा तास चर्चा झाली, सगळे बोलले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.